जुना संगणक सुरू का होत नाही?



उन्हाळ्याची सुटी संपून जूनमध्ये शाळा उघडली, की अनेक शाळांच्या संगणक-कक्षांत एकच प्रकार पाहायला मिळतो. एप्रिलमध्ये नीट चालणाऱ्या यंत्रांपैकी दोन-तीन यंत्रे आता सुरूच होत नाहीत. कळ दाबली तर एखादे अगदी गप्प बसते, एखाद्याचा पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, एखादे नुसतेच 'पीप पीप' करते. मग "जुने झाले, मेले" असा निकाल दिला जातो आणि यंत्र कपाटामागे जाते. तिथून पुढचा रस्ता भंगारवाल्याकडे.

पण "बंद पडले" हे काही निदान नव्हे, ते फक्त लक्षण आहे. ताप आला म्हणजे नेमका कोणता रोग झाला ते कळत नाही, तसेच हे. यंत्र का उठत नाही हे शोधताना विजेचे आणि उष्णतेचे तुमच्या पाठ्यपुस्तकातले नियमच उपयोगी पडतात. त्याहून उपयोगी पडते ती विचार करण्याची पद्धत. ती आज पाहू.

एक अट आधीच सांगतो. इथे सांगितलेली तपासणी शिक्षक समोर असतानाच करायची. डबा उघडण्यापूर्वी भिंतीवरच्या सॉकेटमधून पिन काढलेली असली पाहिजे. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.

साखळी समजून घ्या

आपल्याकडे पडद्याशेजारच्या सबंध डब्यालाच 'सीपीयू' म्हणायची पद्धत पडली आहे. खरे तर सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, ही त्या डब्यातली तळहातापेक्षाही लहान चकती. ती ज्या मोठ्या पट्टीवर बसते तो मदरबोर्ड. मागच्या बाजूला पंखा असलेली पत्र्याची पेटी म्हणजे वीजपुरवठा करणारी 'एसएमपीएस'. शिवाय रॅमच्या पट्ट्या आणि हार्ड डिस्क. कळ दाबल्यावर या सर्वांनी ठरलेल्या क्रमाने कामे करायची असतात.

प्रथम एसएमपीएस २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची दिष्ट वीज तयार करते. हे दाब स्थिर झाले, की एका दशांश ते अर्ध्या सेकंदात ती एका स्वतंत्र तारेवरून मदरबोर्डला "वीज ठीक आहे" असा संदेश देते. तो मिळेपर्यंत प्रोसेसरला रोखून धरलेले असते.

संदेश मिळताच प्रोसेसर जागा होतो. पण त्याला अजून काहीच ठाऊक नसते, रॅम तर कोरी पाटी. म्हणून तो एका ठरावीक पत्त्यावर जाऊन पहिली सूचना वाचतो. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीतील ८०८८ या प्रोसेसरला १०,४८,५७६ घरांपर्यंत पोहोचता येई. त्यांतील शेवटून सोळाव्या घरात त्याची पहिली सूचना असे. या जागी वीज गेली तरी न पुसली जाणारी स्मृती बसवलेली असते. तिच्यातला छोटा कार्यक्रम म्हणजे 'बायोस'.

बायोस आधी घरच्या मंडळींची हजेरी घेतो. रॅम आहे का? पडद्याला चित्र पुरवणारा भाग आहे का? कळफलक आहे का? या स्व-तपासणीला 'पोस्ट' म्हणतात. सर्व ठीक असेल तर पुष्कळ यंत्रे एकदाच बारीक 'पीप' करतात. मग बायोस हार्ड डिस्कवरचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा रॅममध्ये आणतो. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत या तुकड्याच्या शेवटच्या दोन बाइटांत ८५ आणि १७० हे आकडे असावे लागतात. द्विमान पद्धतीत लिहून पाहा: ०१०१०१०१ आणि १०१०१०१०. ही खूण सापडली, तरच पुढचा कारभार डिस्कवरच्या कार्यक्रमाच्या हाती जातो.

लहान कार्यक्रमाने मोठ्याला उठवायचे, त्याने त्याहून मोठ्याला. स्वतःच्या बुटांचे पट्टे ओढून स्वतःलाच वर उचलावे, तसा हा प्रकार वाटतो. म्हणूनच इंग्रजीत याला 'बूट' होणे असे नाव पडले.

मधोमध तपासा

आता समजा, साखळीत १६ कड्या आहेत आणि एक तुटली आहे. पहिलीपासून एकेक पाहत गेलात तर १५ तपासण्यादेखील लागू शकतील. त्याऐवजी आठव्या कडीपाशी पाहा. तिथपर्यंत सर्व ठीक असेल तर दोष पुढच्या आठांत, नसेल तर मागच्या आठांत. पुढची तपासणी चारांवर आणेल, त्यापुढची दोनांवर आणि चौथी थेट दोषी कडीवर. १६ म्हणजे २ चा चौथा घात, म्हणून तपासण्या चार.

संगणकात अशी मधली कडी आयतीच मिळते. ती म्हणजे पोस्टचा 'पीप' आवाज. तो ऐकू आला तर वीज, प्रोसेसर, बायोस आणि रॅम यांनी आपापली कामे केली असे समजावे. पडदा तरीही काळाच असेल, तर आधी पडद्याची स्वतःची वीज आणि त्याची केबल पाहा. पडद्यावर 'नो सिग्नल' अशी अक्षरे आली तर पडदा जिवंत आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोहोचत नाही इतकेच.

इथे तर्कशास्त्रातला एक बारकावा ध्यानात ठेवा. आवाज आला तर पहिला अर्धा भाग ठीक, हे खरे. पण आवाज आला नाही म्हणजे तो भाग बिघडला, असे मात्र म्हणता येत नाही. पुष्कळ यंत्रांत तो बारकासा स्पीकर जोडलेलाच नसतो! एखादी गोष्ट दिसली नाही, याचा अर्थ ती घडली नाही असा नव्हे. एकापेक्षा अधिक आवाजांचा अर्थही प्रत्येक बायोसचा वेगळा असतो. तो मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेतच पाहावा.

पंखाही फिरत नाही

यंत्र अगदी गप्प असेल तर सुरुवात भिंतीपासून करा. त्या सॉकेटमध्ये टेबललँप लावून पाहा. एक्स्टेंशन बोर्ड टाळून केबल सरळ भिंतीत लावा. डब्यामागे एसएमपीएसवर आणखी एक लहान बटण असते. सुटीपूर्वी कोणीतरी ते बंद करून ठेवलेले असते आणि जूनमध्ये कोणाच्याच लक्षात येत नाही.

सॉकेटमध्ये वीज असूनही यंत्र गप्प असेल तर पुढची कळ पाहा. ही कळ दिव्याच्या बटणासारखी २३० व्होल्टची वीज जोडत किंवा तोडत नाही. १९९५ साली 'एटीएक्स' ही रचना आली. तेव्हापासून एसएमपीएस पिन लावल्याबरोबर ५ व्होल्टची थोडीशी वीज सतत देत राहते. कळ दाबली, की मदरबोर्डवरच्या दोन काड्या क्षणभर एकमेकींना जोडल्या जातात आणि मदरबोर्ड एसएमपीएसला "पूर्ण सुरू हो" असे सांगतो. म्हणजे कळ ही दाराची घंटा आहे, दार नव्हे. घंटा बिघडली तर घरातले सगळे ठणठणीत असूनही दार उघडणार नाही.

हे तपासण्याची एक सोपी युक्ती आहे. 'रीसेट'ची कळही अगदी तशीच असते. पिन काढून ठेवा, माहितीपुस्तिकेतील आकृती पाहून रीसेटची तार मुख्य कळीच्या काड्यांवर बसवा, मग पिन लावून रीसेटची कळ दाबा. यंत्र सुरू झाले तर सबंध दोष त्या काही रुपयांच्या कळीत होता.

पंखा क्षणभर फिरून लगेच थांबत असेल, तर बहुधा कुठेतरी धारा वाजवीपेक्षा जास्त वाहते आहे आणि एसएमपीएस स्वतःच्या बचावासाठी बंद होते आहे. आत निसटून पडलेला एखादा स्क्रू, दबलेली तार, मुंग्यांचे वारूळ किंवा मेलेली पाल यांचा शोध घ्या. यात हसण्यासारखे काही नाही. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील 'मार्क टू' या यंत्राच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला. तंत्रज्ञांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत लावून ठेवला आणि ती नोंदवही आजही अमेरिकेतील संग्रहालयात जपलेली आहे. दोषाला 'बग' म्हणजे किडा म्हणण्याची पद्धत त्याआधीचीच, एडिसनच्या काळातली. त्या दिवशी मात्र किडा खराखुरा होता.

ही पेटी उघडू नका

डबा उघडा, पण एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नका. २३० व्होल्ट हे प्रत्यावर्ती विजेचे परिणामी मूल्य. तिचे शिखरमूल्य त्याच्या १.४१४ पट, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट. पेटीतील मोठे धारित्र, म्हणजे कपॅसिटर, या दाबापर्यंत भारित होते आणि पिन काढल्यावरही काही काळ भारितच राहू शकते. धारित्रातील ऊर्जा ½CV² असते. २२० मायक्रोफॅरड आणि ३२५ व्होल्ट घेऊन गणित करा. उत्तर सुमारे ११.६ जूल येईल. तेवढी ऊर्जा एका क्षणात हातातून गेली तर जिवावर बेतू शकते.

फुगलेली डोकी

आता मदरबोर्डकडे पाहा. प्रोसेसरच्या आसपास पेन्सिलीच्या तुकड्यांएवढी उभी नळकांडी दिसतील. हीसुद्धा धारित्रेच, पण कमी दाबाची. त्यांच्या डोक्यावर फुलीसारखी खाच असते. डोके सपाट असेल तर ठीक. ते फुगले असेल किंवा खाचेतून तपकिरी द्रव बाहेर आला असेल, तर अपराधी सापडला असे समजायला हरकत नाही. १९९९ ते २००७ या काळात सदोष द्रव भरलेली अशी धारित्रे जगभर अनेक यंत्रांत बसवली गेली आणि ती अकाली निकामी झाली.

दोष नसला तरी ही धारित्रे म्हातारी होतातच, कारण आतला द्रव हळूहळू वाळतो. तापमान १० अंशांनी कमी ठेवले तर आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे. समजा, धारित्रावर १०५ अंश सेल्सिअसला २,००० तास असे आयुष्य दिले आहे आणि डब्यात ते ६५ अंशांवर काम करते. फरक ४० अंशांचा, म्हणजे दुप्पट चार वेळा: १६ पट. आयुष्य ३२,००० तास. रोज ८ तास वापर धरला तर ४,००० दिवस, म्हणजे जवळजवळ ११ वर्षे. धुळीने पंखा तुंबून तापमान ७५ अंशांवर गेले, तर तेच आयुष्य निम्म्यावर येईल. धूळ झटकणे ही नुसती टापटीप नव्हे, हे यावरून पटेल.

धारित्र म्हातारे झाले, की यंत्र चालता चालता बंद पडण्यापेक्षा सुरू होतानाच अडते. असे का? सुरू होताना धारेची मागणी एकदम वाढते. हार्ड डिस्कची मोटर स्थिर अवस्थेतून फिरू लागताना दीड-दोन अँपिअर धारा मागते, फिरू लागल्यावर त्याहून बरीच कमी. या धक्क्याच्या वेळी दाब खाली येऊ न देणे हे धारित्राचे काम. वाळलेल्या धारित्राचा अंतर्गत रोध वाढलेला असतो आणि थंडीत तो आणखी वाढतो. म्हणून "सकाळी चार-पाच वेळा कळ दाबल्यावरच सुरू होतो, मग दिवसभर चालतो" अशी तक्रार असेल, तर धारित्रांवर संशय घ्यावा. ती बदलणे हे चांगल्या कारागिराचे काम आहे, पण सुटे भाग स्वस्त असतात.

सुटीत संपणारा घट

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा एक घट असतो. त्यावर 'सीआर २०३२' असे छापलेले असते: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट. यंत्र बंद असताना आतले घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. जुन्या यंत्रांत बायोसच्या नोंदीही तोच जपतो. घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा विचित्र वाटतो ना? तो २ चा पंधरावा घात आहे. पंधरा वेळा निम्मा केला, की बरोबर १ उरतो, म्हणजे एक सेकंद!

या घटाची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. घड्याळ ५ मायक्रोअँपिअर धारा घेते असे धरले, तर तो ४४,००० तास, म्हणजे पाच वर्षे पुरेल. पण पिन सॉकेटमध्ये असताना ही धारा एसएमपीएसकडून मिळते, घट विश्रांती घेतो. सुटीत पिना काढून ठेवल्या, की सगळा भार घटावर येतो. आधीच संपत आलेला घट मे महिन्यात मान टाकतो. जूनच्या कोड्याचे एक उत्तर हे आहे.

घट संपला, की तारीख भलतीच दिसते, नोंदी पुसल्या जातात आणि बायोस एखादी कळ दाबण्याची वाट पाहत थांबतो. काही यंत्रे तर उठतच नाहीत. कधी डिस्कशी बोलण्याची पद्धत बदलून पहिल्यासारखी होते आणि धडधाकट डिस्क बिघडलीशी वाटते. मल्टिमीटरने मोजल्यावर घट २.७ व्होल्टच्या खाली असेल तर बदला. तो पुन्हा भारित करता येत नाही. जुना घट लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर अन्ननलिकेला गंभीर इजा होते.

सैल पडलेले जोड

यंत्र रोज तापते, रोज निवते. धातू आणि प्लॅस्टिक वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे खाचेत बसवलेल्या पट्ट्या वर्षानुवर्षे केसाकेसाने सरकतात. कोकणासारख्या दमट हवेत धातूच्या पृष्ठभागावर थरही चढतो. याचा परिणाम ओहमच्या नियमाने मोजता येतो. ५ व्होल्टच्या जोडात ०.१ ओहम इतका रोध आला आणि ४ अँपिअर धारा वाहत असेल, तर ०.४ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. पलीकडे उरतात ४.६ व्होल्ट. एटीएक्समध्ये पाच टक्क्यांचीच सूट असते, म्हणजे किमान ४.७५ व्होल्ट हवेत. शिवाय त्या जोडात १.६ वॉट उष्णता तयार होते, त्यामुळे तो करपून काळा पडतो. असे काळे पडलेले जोड नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

रॅमची पट्टी काढण्यापूर्वी पिन काढा, कळ दहा सेकंद दाबून ठेवा आणि डब्याच्या उघड्या धातूला हात लावा. हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर काढताना तडतड होते, ती हजारो व्होल्टची स्थिर वीज असते. रॅममधील चकत्यांना त्याच्या काही अंशानेही इजा होते. डब्याला स्पर्श केल्याने तुमचे आणि डब्याचे विभव समान होते. विभवांतर नाही, म्हणून ठिणगी नाही. मग पट्टीची सोनेरी कड स्वच्छ, मऊ खोडरबराने अगदी हलक्या हाताने पुसा, कण झटका आणि 'टक' असा आवाज येईपर्यंत पट्टी पुन्हा बसवा. सोन्याचा थर अतिशय पातळ असतो, खरवडू नका. माझ्या पाहण्यातील कितीतरी 'मेलेली' यंत्रे एवढ्यानेच उठली आहेत.

मुद्दाम केलेला बिघाड

इतके करूनही पंखा फिरतो आणि पडदा काळाच, असे असेल तर एक सुंदर प्रयोग आहे. यंत्राला स्पीकर जोडलेला असल्याची खात्री करा, सर्व रॅम काढून घ्या आणि यंत्र सुरू करा. आता यंत्र चालणार नाही हे आपल्याला माहीतच आहे. पण ते कुरकुर करते का?

त्याने पीप पीप करून तक्रार केली, तर ती आनंदाची बातमी! तक्रार करण्यासाठी प्रोसेसर जागा असावा लागतो, बायोस वाचता यावा लागतो आणि वीजही ठीक असावी लागते. म्हणजे एका प्रयोगात तीन संशयित निर्दोष सुटले. मग रॅमची एकेक पट्टी लावून पाहा. रॅम नसतानाही यंत्र गप्पच राहिले, तर दोष एसएमपीएस, मदरबोर्ड किंवा प्रोसेसर यांच्यात आहे.

एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा, हा नियम मात्र मोडू नका. घट बदलला, रॅम पुसली, केबलही बदलली आणि यंत्र सुरू झाले, तर यंत्र मिळाले पण कारण हरवले. शेजारच्या यंत्रासाठी तुम्ही काहीच शिकला नाहीत.

आधी नोंदी, मग यंत्र

पडद्यावर अक्षरे येतात आणि डिस्क सापडत नाही असा निरोप मिळतो, तेव्हा आधी डिस्कच्या दोन्ही केबली पाहा. मग कान द्या. ७,२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते; तिची सूक्ष्म थरथर बोटाला जाणवते. ठरावीक अंतराने 'टक्‌… टक्‌…' असा आवाज येत असेल तर यंत्र ताबडतोब बंद करा. वाचणारे शीर्ष आपली जागा शोधते आहे आणि ती त्याला सापडत नाही. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहणे म्हणजे उरलेल्या नोंदी पुसण्याची तयारी. त्या डिस्कवर निकाल, दाखले, हजेरी असे काही असेल, तर ती जाणकाराकडेच द्यावी. यंत्र दुसरे आणता येते, नोंदी आणता येत नाहीत.

शेवटी काही यंत्रे खरोखरच दुरुस्तीपलीकडे गेलेली असतात. त्यांतली चांगली रॅम, पंखा, केबली काढून ठेवा. दुसऱ्या यंत्राला त्या जीवदान देतात. उरलेला भाग जाळून तांबे काढणाऱ्याला देऊ नका, त्या धुरात विषारी पदार्थ असतात. ई-कचऱ्यासंबंधीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशात लागू आहेत; नोंदणीकृत केंद्राकडेच हा कचरा द्यावा.

विचार करा

१. साखळीत १,००० कड्या असतील, तर मधोमध तपासण्याच्या पद्धतीने जास्तीत जास्त किती तपासण्या लागतील?

२. घट मल्टिमीटरने मोजला तर ३ व्होल्ट दाखवतो, पण मदरबोर्डवर बसवल्यावर दाब खाली येतो. घटाचा अंतर्गत रोध ध्यानात घेऊन कारण सांगा.

३. साखळीत एकाच वेळी दोन कड्या तुटल्या असतील, तर मधोमध तपासण्याची पद्धत तुम्हाला कोणत्या कडीपाशी नेईल? ती दुरुस्त केल्यावर पुढे काय कराल?

शिक्षकांना एक सूचना: कपाटामागचे एखादे बंद यंत्र बाहेर काढा, पाच-सहा विद्यार्थ्यांचा गट करा आणि प्रत्येक तपासणीपूर्वी "काय दिसेल असे वाटते, आणि ते दिसले नाही तर काय ठरेल?" हे वहीत लिहायला लावा. यंत्र उठले तर उत्तम. नाही उठले, तरी ती वही वाया जाणार नाही.